एकटीपुरती नाव

आबान ५, शुक्रवार
जुम्म्याची सुटी. सकाळच्या मोटारीनं औरंगाबादहून कायगावला, मामांकडे. गोदा दुथडी; अलीकडे निजामाची हद्द, पलीकडे इंग्रजी. काशीबा भोयांनी विकाऊ दोन नावा दाखवल्या. एक छपराची, सहा माणसांची. हैदराबादला कॉलेजात असताना जोहरानं अन् मी ठरवली होती, अगदी तशी. शीड लावून नांदेडपर्यंत जायचं, घाटाघाटावर थांबून बायकांना अक्षरं शिकवायची. दुसरी नाव लहान. तिच्याकडे नीट पाहिलंही नाही.
मामा म्हणाले, "घरातली पहिली बी.ए., अन् झाली नावाडीण! तुझ्या बापाला काय कळवू?"

आबान ८, सोमवार
छावणीतली खोली. शाळेच्या वह्या तपासल्या. जोहराचं पत्र. लग्न होऊन सिकंदराबादेस गेल्यापासूनचं दुसरंच. "बडी नाव लेना. मैं आतूं बोली ना!" कधी, ते नाही. गेल्या वर्षीही असंच. चारदा वाचलं. आज शाळेबाहेर कुणाशी बोलले? दूधवाल्याशी. "अर्धा शेर."

आबान १२, शुक्रवार
मोठी घेते, हे सांगायलाच गेले होते. काशीबा हसले. "जाताना वारा हाय, बाई. येताना काय? धारंच्या उलटं हिला दोरीनं वढायला चार गडी लागत्यात. ही बारकी म्या एकला वढतो."
चार गडी कुठून आणू? मला तर एक जोहरा...
लहान घेतली. मी, शीड अन् पाट्यांची पेटी, बस्स. परतताना मोटारीत रडू आलं. मग स्वतःचाच राग आला.

आबान १९, शुक्रवार
एकटीनं शीड धरलं. नाव सारखी एका अंगाला कलायची. काठावरून काशीबा ओरडले, "मधी बसा, मधी! कुणासाठी जागा धरलीय?"
सरकले. सरळ चालली.
हलकी आहे. जराशा झुळकीनं निघते. मोठी घेतली असती तर अजून गडीच शोधत असते. ही मनाची समजूत नव्हे. (थोडी आहे.)

आबान २६, शुक्रवार
खालच्या वळणावरच्या वस्तीपर्यंत गेले. घाटावर सात बाया, धुणं टाकून बसल्या. एकीनं पाटीवर स्वतःचं नाव गिरवलं अन् पदरानं पुसून टाकलं. "नवऱ्यानं बघितलं म्हंजी?" परत गिरवलं. निघताना म्हणाली, "फुडच्या शुक्रवारी येता नव्हं? का तुमचंबी सायबावाणी, एकडाव तोंड दावून गेलं?"
येते म्हटलं. शब्द दिला.
येताना, काठानं चालत आलेले काशीबा नाव ओढत होते, मी मागून चालत. बरं वाटलं.

आजुर ३, शुक्रवार
आबान संपला, नवं फसली साल लागलं. काल पत्र आलं. जोहरा आज येतेय, दुपारच्या मोटारीनं, फक्त आजचा दिवस. "छतवाली नाव में बैठतूं!" नाव केवढी घेतली ते मी तिला कळवलंच नव्हतं. लाज वाटली होती. आता लाज नाही, पण...
घाटावर बसून लिहितेय. वारा आहे, तासाभरात पडेल. वळणावरच्या त्या बाया वाट पाहत असतील.
काशीबांना विचारलं. म्हणाले, "दोघी बसा की. पण मग पेटी काठावर ऱ्हाईल. दोन्ही न्हाय झेपायचं हिला."
वरच्या सडकेवर मोटारीचा भोंगा. काशीबांनी शीड सोडलंय. "सांगा बाई, काय चढवू?"