पंच्याण्णव अंशांची मर्यादा

मये, मंगळवार संध्याकाळ

डोकं फिरलंय. सुर्ल्याच्या खाणीवरच्या खनिजाच्या ट्रकमधली आमची जीपीएसची पेटी आजही दुपारी बंद पडली. पडणारच! चिप पंच्याण्णव अंशांवर तापली की बंद कर, असं कोडमध्ये मीच लिहिलंय. साहेब म्हणतात, मर्यादा वाढव. म्हणजे चिप जळू दे?

शेवटी जाऊन बघितलं. ट्रक चालवणाऱ्या बाबलीकाकांनी नवी वस्तू म्हणून पेटी काचेपाशी गणपतीच्या शेजारी ठेवलेली, आणि वर अबोलीचा हार. हवेची भोकंच बुजलेली! मी चिडले.

काका हसले. "शाणा आसा गो तुजा यंत्र. तापला की बंद पडता. आमका कोण बंद पडाक देता?"

पंच्याण्णव बदलणार नाही. पण त्या केबिनमध्ये मला पाच मिनिटं बसवेना. काका सकाळपासून तिथंच होते.