बॉबिनची जांभई

४ फेब्रुवारी, मंगळवार

आणलंच शेवटी! ही दवाखान्यातून आली ती एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू. आमच्या या नर्सबाईंना म्हणे एका पेशंटने दिलं. "दोन मांजरं तुमची, एक कुत्रा माझा. एकतीस वर्षांत दुसरं काही मागितलंय?" मी अट घातली – पंधरा दिवस बघायचं. मांजरांशी जमलं नाही तर पिल्लू परत. ही "बरं" म्हणाली, पण तोंड एवढंसं झालं.

रंग तपकिरी, डोळे काळे, गोल. नाव ठरलं बटण. रीळ पिल्लाला बघताच कपाटावर चढला, बोका कसला, भित्री भागूबाई! म्हातारी बॉबिन मात्र दारातच बसून राहिली. तिला उचलून मांडीवर घेतलं तशी तिने नेहमीची जांभई दिली – दात दाखवून, मोठ्ठी. मी उचललं की लाडात येते आणि अशीच जांभई देते.

५ फेब्रुवारी

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयाने माझ्या पुतणीएवढी, पण बोलणं रोखठोक. "घाई नको, काका. आधी मध्ये जाळी लावा. मांजर फिसकारतेय तोवर एकत्र सोडायचं नाही. सलग तीन दिवस एकदाही फिसकारली नाही, मग सोडा."

शिलाईमशिनं मी घरीच दुरुस्त करतो, दिवसभर इथेच असतो. तेव्हा नोंद ठेवायचं काम माझ्याकडे. मला हे फार आवडलं!

६ फेब्रुवारी

कामाच्या खोलीच्या दाराला लाकडी जाळी. बटण आत, बॉबिन बाहेर.

फिसकारणं – शून्य. जांभया – अकरा.

हे नवलच आहे. दिवसभर झोपून उठलेल्या मांजराला एवढ्या जांभया कशाच्या? कान मागे, तोंड वासलेलं, नजर बटणावर. कंटाळ्याचं सोंग करत असेल. नवीन माणसाला भाव द्यायचा नाही, असा बाणा! बटण बिचारं दर जांभईला दोन पावलं मागे सरतं. त्यालाही काही कळत नाही.

७ फेब्रुवारी

फिसकारणं – शून्य. जांभया – सात.

कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई परवाच नेलेलं मशीन घेऊन परत हजर. "काका, अजून कुईं कुईं करतंय हो!" चाक फिरवलं, कान लावला. कुठे काय! चाळीस वर्षं मी कानाने मशिनं दुरुस्त करतोय, खोलायच्या आधी दोष सांगतो. म्हटलं, "बाई, मशीन ठणठणीत आहे, तुमचे कान दाखवून या." फणकारून गेल्या. नाचता येईना, अंगण वाकडं!

८ फेब्रुवारी

शून्य. जांभया – नऊ. तीन दिवस भरले!

ही येते तेव्हा बटण झोपलेलं असतं आणि मांजरं गच्चीवर, त्यामुळे हिचा सगळा भरवसा माझ्या वहीवर. "नक्की ना? एकदाही नाही?" म्हटलं, "लिहिलेलं आहे, वाच." तिने खरंच वाचलं आणि हसली. चार दिवसांत पहिल्यांदा.

इथे लिहायला हरकत नाही – बटण राहावं असं आता मलाही वाटतंय. दुपारी माझ्या चपलेवर हनुवटी ठेवून झोपतं.

९ फेब्रुवारी, रविवार

जाळी काढली. ही भाजी आणायला गेलेली. मी मशिनात तेल घालत होतो. बॉबिनने लागोपाठ तीन जांभया दिल्या आणि चौथ्याला सरळ पंजा! बटणाच्या नाकापासून डोळ्याच्या कडेपर्यंत रक्त.

ही धावतच वर आली. "अहो, तुम्ही इथेच होतात ना? ती केवढी फिसकारतेय! मला जिन्यात ऐकू आलं!"

म्हटलं, "फिसकारली नाही गं. जांभया देत होती."

हिने बटणाला टॉवेलात गुंडाळलं आणि डॉक्टरीणबाईंकडे पळाली.

डोळा वाचला. पण ही म्हणते, पिल्लू उद्याच परत. "मांजराचं चुकलं नाही, पिल्लाचंही नाही. पण मी कोणाच्या भरवशावर ठेवू?"

१० फेब्रुवारी

रात्रभर ते 'जिन्यात' डोक्यात. मी तर तीन हातांच्या अंतरावर होतो.

सकाळी हिला थांबवलं. म्हटलं, एक प्रयोग करू, मग काय ते ठरव. जाळी लावली, बॉबिनला समोर ठेवलं. मी पाठ करून बसलो. ठरलं असं की, फिसकारली की दोघांनीही बोट वर करायचं. आरशात मला फक्त हिचा हात दिसत होता.

हिचं बोट पाच वेळा वर गेलं. माझं एकदाही नाही.

हिने जवळ येऊन माझ्या कानावर हात ठेवला. मग त्या पेशंटला फोन करून सांगितलं, पिल्लू राहू दे, आम्ही पहिल्यापासून सुरुवात करतोय. नोंद आता मी करायची नाही.

फार वाईट वाटलं. कान म्हणजे माझं पोट.

१८ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरांनी आलेख दाखवला. बारीक, चिरके आवाज गेलेत, जाड आवाज शाबूत. "बरीच वर्षं झाली असावीत," म्हणाले. यंत्र लागेल.

येताना शिंपीणबाईंकडे गेलो. माफी मागितली. मशीन उचलून आणलं.

११ मार्च

हिच्या वहीत सलग पाच दिवस शून्य. हे शून्य खरं! काल जाळी काढली. दोघं एकाच सतरंजीवर, मध्ये वीतभर अंतर. रीळही कपाटावरून उतरला. बटण कायमचं आपलं.

१२ मार्च

यंत्र बसवलं. शिंपीणबाईंचं मशीन खरंच कुईं कुईं करतं.

आनंदाने बॉबिनला बटणाजवळून उचलून मांडीवर घेतलं.

फिस्स्स!