पप्पांचा मफलर गच्चीवर

वेलचेरी, १२ जानेवारी

प्रिय पप्पा,

चेन्नईहून तुमच्या सालोमीचा प्रभूमध्ये सलाम. मी मजेत आहे, डोसे खाऊन गाल वर आलेत. आईचा खोकला थांबला का?

तुमच्या पत्राप्रमाणे काल संध्याकाळी लोकर गच्चीवर ठेवली. इथे लोकर कुठली, म्हणून येताना तुम्ही बळेच दिलेला मफलर ठेवला. सकाळी गच्ची दवाने ओली आणि लोकर कोरडी निघाली, तर ती देवाची खूण मानून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला इकडे येईन, असं तुम्ही लिहिलंत ना?

तर ऐका. गच्ची ओली आणि मफलर कोरडा! फक्त तो घडी करून माझ्या दाराच्या कडीला अडकवला होता. शेजारच्या राजसबाई तंजावरकडच्या, घरी मराठीच बोलतात. "अय्यो, भिजेल की गे, म्हणून मीच उचलला," म्हणाल्या. मला इतकं हसू आलं, की सगळं सांगावंच लागलं. त्यावर म्हणाल्या, "बोलाव त्यांना. डॉक्टरशी तमिळ मी बोलते."

ही खूण धरायची की नाही, ते तुम्ही ठरवा. मी पुन्हा मफलर ठेवणार नाही. बायबलात देवाकडे हीच खूण मागणाऱ्या त्या लोकरवाल्याला खरं तर खूण नको होती, तो लढाईला घाबरला होता, असं चर्चमध्ये तुम्हीच सांगायचात.

या, पप्पा. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत मी तुमचा हात धरीन. त्यापुढे कोण धरतो, ते लहानपणी तुम्हीच मला शिकवलंय.

तुमची,
सालोमी