कावळ्याआधी जेवलो

प्रिय शालू,

काल तुझं वर्षश्राद्ध झालं. आपली मनू आज सकाळच्या गाडीने पुण्याला गेली, आक्का तिच्या देवगडला गेली, आणि घरात मी, तुझा फोटो आणि उरलेले वडे एवढेच राहिलो. कुणाशी तरी बोलायला हवं म्हणून लिहायला बसलोय. आक्का जाताना म्हणाली, "ती तुझ्यार रागावली आसा." माझी बहीण असली तरी असं बोलावं? ते काही मनातून जात नाही. रागावलीस का गं?

काय झालं ते तुला ठाऊक असेलही, पण माझ्या तोंडून ऐक. काल मी कावळा शिवायच्या आधी जेवलो!

माझा दुपारचा राग आठवतो ना? कचेरीत तीनच्या सुमाराला माणसं माझ्या टेबलाला वळसा घालून जायची. घाम फुटायचा, हात थरथरायचे, आणि समोर येईल त्याच्यावर मी खेकसायचो. सगळे म्हणायचे, स्वभावच तापट. तू एकटी म्हणालीस, "स्वभाव असतो तर सकाळीय दिसलो असतो. हो भाताचो राग आसा."

मालवणच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि तुझंच खरं निघालं. भात, गोडधोड पोटात गेलं की माझं शरीर इन्सुलिन जरा जास्तच सोडतं, आणि दोन-तीन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली येते. गोळी-बिळी काही नाही. साखर बंद, भात नावापुरता, आणि मासे, अंडी, कडधान्य असं थोडं थोडं, पण वेळेवर खायचं.

साखर कमी होते म्हणून साखर बंद! हे आपल्या वाडीत कुणाला पटवणार? आक्काने तर मुद्दाम गुळाची ढेप पाठवली होती. ती तू शेजारीपाजारी वाटून टाकलीस आणि फोनवर तिला सांगितलंस, "त्यांका गूळ खूप मानवलो." केवढी खोटारडी होतीस! मी शेजारी बसून ऐकत होतो.

पण मालवणी माणसाचा भात काढून घेतलास, शालू. माशाची कढी मला वाटीने प्यायला लावलीस. मी भांडायला लागलो की पुढ्यात उकडलेली अंडी ठेवायचीस. "आधी खावा, मगे भांडा." खाल्ल्यावर भांडायचं काय होतं तेच आठवायचं नाही.

आणि तू स्वतः? तू भाताची वेडी. माझं आटोपलं की मागच्या पडवीत भाताचा डोंगर घेऊन बसायचीस, माझ्या डोळ्यांसमोर नको म्हणून. कशाला केलंस असं? बसायचं होतंस की समोर! मी काय तुझ्या ताटातला भात ओढून घेतला असता? एका घरात राहून आपली किती जेवणं वेगवेगळी झाली. याचा मात्र मला अजून राग आहे, आणि तो भाताचा नाही.

आता सगळं मीच करतो. चणे भिजत घालतो, अंडी उकडतो, बांगडा तव्यावर टाकतो. दारावर येणारी कोळीण अजून चार बांगडे काढते, मग तिच्या लक्षात येतं आणि दोन परत पाटीत टाकते.

स्वयंपाक जमतो गं. खरी पंचाईत निराळीच आहे. दोनदा जेवणाऱ्या माणसाला दिवसातून दोनदा एकटं वाटत असेल. मला दर तीन तासांनी खायचंय. दर तीन तासांनी ताट घ्यायचं आणि दर तीन तासांनी समोरची भिंत बघायची. कधी कंटाळतो आणि म्हणतो, राहू दे. असाच एकदा राहू दिलं आणि न्हाणीघरात पडलो. मनूला कळलं. तेव्हापासून तिचं एकच, "बाबा, परत एकदा असं झालं तर घराला कुलूप आणि तुम्ही पुण्याला." तिचं चूक नाही. पण पुण्यात मी काय करू? तिथे तू कुठे असशील?

तर काल सकाळी आक्काने माझ्या हातात गोड चहा आणि दोन केळी दिली. "कावळो शिवल्याशिवाय जेवाक मिळाचा नाय, ह्या तरी घे." इतक्या मायेने दिलं की नाही म्हणवेना. तिथेच चुकलं. उपाशीपोटी गोड, आणि त्यावर दुसरं काही नाही.

केळीच्या पानावर तुझी वाडी, म्हणजे कावळ्यासाठी तुझ्या नावाचं जेवण, वाढलं. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर, आणि भात, तुला लागायचा तेवढा! पान आवाराच्या दगडी गडग्यावर ठेवलं आणि आम्ही हात जोडून उभे राहिलो. कावळा माडावर बसला होता, पण खाली उतरेना. तुझं काय राहिलं असेल म्हणून जो तो तुला शब्द देऊ लागला. आक्का म्हणाली, तुझ्या तुळशीला पाणी चुकणार नाही. मनू म्हणाली, "आई, बाबांना मी पुण्याला नेते, तू काळजी करू नकोस." आणि कावळा उठून सरळ शेजाऱ्यांच्या आवारात गेला! अशा वेळी हसू नये, पण मला हसू आलं.

तोवर पाठीला घाम सुटला होता. बोटं थरथरत होती, गडगा हलल्यासारखा दिसायला लागला. मनूच्या देखत आडवा झालो तर कुलूप लागलंच म्हणायचं. मी मुकाट्याने आत गेलो. चमचाभर साखर तोंडात टाकली. नुसत्या साखरेवर थांबलं की थोड्या वेळाने पुन्हा तेच, म्हणून टोपातली उसळ वाटीत घेतली आणि उभ्यानेच खाल्ली. मागे आक्का उभी!

"अरे, कावळो शिवाच्या आदी जेवलंस?"

त्यानंतर कावळा आलाच नाही. खूप वाट पाहिली आणि शेवटी पान गाईला घातलं. आक्का डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "तिचो जीव खंयतरी अडाकलो आसा."

मनूने मात्र माझ्या हातातली उसळीची रिकामी वाटी पाहिली होती. जेवायला बसलो तेव्हा तिने माझ्या ताटातला भात आपल्या ताटात ओढला आणि माझ्यासमोर बसून खाल्ला. आज निघताना पाया पडली, पण कुलपाचं नाव काढलं नाही.

मी सकाळपासून विचार करतोय. मला उपाशी ठेवून तू घास घेतला असतास? हे मला पटत नाही. तेव्हा शब्द देतो. पुढच्या वर्षी आधी मी खाईन आणि मग तुझी वाडी मांडीन, तीही आक्काच्या देखत. आणि रोज, कितीही नकोसं वाटलं तरी, वेळ झाली की ताट घेईन. पडणार नाही.

आणखी एक, हे आक्काच्या कानावर जायला नको. कावळा आला नाही ते मला बरं वाटलं. तुझा जीव अडकलाच असेल तर तो माझ्यातच अडकलाय, दुसरं आपल्याकडे आहे काय? श्राद्ध घालणाऱ्याने असं म्हणू नये, पण शालू, एवढ्यात तो सोडवून घेऊ नकोस.

तुझा,
दत्ता