दाजींच्या कोंबड्याचं हेल्मेट

मु. एल्क फोर्क, ओहायो

ती. अर्विन दाजींस मर्लचा उभ्यानेच नमस्कार. (वाकून केला असता, पण परवा वाकलो तो बायकोनं, ग्लेनिसनं, येऊन सरळ केलं.) तुमची कंबर, तुमचा खोकला आणि तुमचा ट्रॅक्टर यांपैकी निदान ट्रॅक्टर तरी ठीक असेल अशी आशा आहे.

हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याच्या संघाचं हेल्मेट आपल्या दारावर काढायचं, या पैजेप्रमाणे तुमच्या गावच्या फुटबॉल संघाचं हेल्मेट माझ्या गॅरेजच्या दारावर रंगवणं सुरू आहे. थँक्सगिव्हिंगच्या सणाला तुम्ही जातीनं तपासायला येणार, आणि पसंत पडलं नाही तर पुढच्या मोसमात मी तुमची लाल जर्सी घालून सामन्याला बसायचं, हे माझ्या ध्यानात आहे. थेल्माताई गेल्यापासून दोन थँक्सगिव्हिंग तुम्ही खोकल्याचं कारण सांगून चुकवलेत. यंदा तपासणी आहे, तेव्हा खोकला चालणार नाही.

आता, चित्रकलेशी माझा संबंध कुंपणाला रंग देण्यापुरता. लायब्ररीतलं पुस्तक म्हणतं, आधी अंडं काढा, खालून कापा, कानाशी भोक पाडा आणि तोंडापुढे जाळी बसवा. मी अगदी तस्संच केलं. ग्लेनिस म्हणाली, "अहो, किटली झकास आलीय, पण गॅरेजवर कशाला?" मग मी माळ्यावरचं माझं शाळेतलं हेल्मेट काढलं, तिच्या डोक्यावर चढवलं आणि तिला बटाटे सोलत खिडकीशी बसवलं. (समोर नमुना असला की हात सुधारतो, असं पुस्तकातच आहे.) तेवढ्यात बेल वाजली आणि ही तशीच, हातात सुरी घेऊन, दार उघडायला गेली. दारात पाद्रीबाबा. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "घरात सगळं ठीक आहे ना?" रविवारी चर्चमध्ये त्यांनी संसारातल्या सहनशीलतेवर प्रवचन दिलं, तेही आमच्याच बाकाकडे बघत.

हेल्मेट तरी जमलं, पण त्यावरचा तुमच्या संघाचा कोंबडा! कागदावर मुकाट उभा राहतो, पण हेल्मेटच्या गोलाईवर चढवला की त्याचं पोट सुटतं. तुरा काढला तर मुकुट वाटतो, चोच वाढवली तर बदक होतं. शेजारचा लेलँड बराच वेळ बघून म्हणाला, "वा मर्ल, टर्की फक्कड! सणाला साजेशी!" मी त्याला कॉफी न देताच घरी पाठवलं.

पण दाजी, खरं सांगतो, मला यात भलतीच मजा येतेय. बिलांच्या पाठीवर, पेपरच्या कडेला, धुकटलेल्या काचेवर, जागा दिसेल तिथे मी हेल्मेटं काढतो. आमच्या संघाच्या चिन्हाचं, बीव्हरचंही काढलं, तो बटाट्यासारखा दिसतो, तरी मी खूश आहे. इतका निवांत मी कितीतरी दिवसांत नव्हतो.

तुमचा मेहुणा,
मर्ल

ता. क. येताना तुमच्या गावच्या दुकानातला तो लाल रंग आणा. इथल्या लालनं कोंबडा भाजलेला दिसतो.

ता. क. २. ग्लेनिसनं तुमच्यासाठी वरची खोली झाडून ठेवलीय. रविवारपर्यंत राहायचं आहे.

ता. क. ३. तुमचा संघ सातपेक्षा जास्त गुणांनी जिंकला तरच मी हरलो, अशी पैज होती. तुम्हीच लावली होतीत आणि तुम्हीच विसरलात. ते जिंकले सहा गुणांनी. म्हणजे दार तुम्ही रंगवायचं, तिकडे, एकट्यानं. त्यापेक्षा मी हरलेला बरा. गुरुवारी या.