मुशीवरचं कुंकू

८ ऑक्टोबर २००७, सोमवार

तिसरी खेपही मेली! भट्टीतून काढलेली पांढरी पावडर लेझरसमोर धरली — उजेडच नाही. आमच्या प्रयोगशाळेचे सर सगळ्यांसमोर मला म्हणाले, "काय रे धनराज, भांडी धुतोस की नुसती ओली करतोस?" सगळे हसले. मी! मुशी, म्हणजे भट्टीत ठेवायच्या त्या चिनीमातीच्या वाट्या, सात-सात वेळा धुतो मी.

जाता जाता म्हणाले, "पुढची पेटली नाही तर दिवाळीनंतर येऊ नकोस." हंगामी माणसाला असंच बोलायचं असतं.

९ ऑक्टोबर

जेवण गेलं नाही.

११ ऑक्टोबर

नीट लिहून ठेवतो. उद्या कोणी म्हणायला नको, प्रयोगशाळेतल्या नोकराला काय कळतं. दहावी नापास आहे, आंधळा नाही.

वेदिका मॅडम पीएच.डी.साठी बारीक स्फटिकांची पावडर करतात. त्यात चिमूटभर यटर्बियम आणि अर्बियम (दोन्ही नावं बाटलीवरून अक्षर न् अक्षर तपासून लिहिली). लेझरचा किरण डोळ्यांना दिसत नाही. पण पावडर चांगली जमली की त्याच किरणाने हिरवी पेटते. कशी, विचारलं. म्हणाल्या, "दहीहंडी बघतोस ना? एकट्याचा हात पोचत नाही. एकाच्या खांद्यावर दुसरा चढला की पोचतो. तसे दोन कमजोर मिळून एक जोरदार उजेड होतो. पण आत कचरा गेला की थर कोसळला!"

"कचरा म्हणजे?"

"भलतं काहीही. दिसणारसुद्धा नाही एवढं."

मे महिन्यात तो उजेड मी पाहिलाय. पोपटी, टाचणीच्या डोक्याएवढा. बघतच राहिलो होतो.

२० ऑक्टोबर, खंडेनवमी

यंत्रांची पूजा. भट्टीला झेंडूची माळ. सरांनी लेझरला, तराजूला, मुशीच्या झाकणालाही कुंकू लावलं — आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं! झाकणाला तर ते दर खेपेला लावतात! भट्टीत ठेवायच्या आधी, डोळे मिटून. कुंकू जळणार, आत पडणार. कचरा!

माझी खेपांच्या नोंदींची वही काढली. मे आणि जूनच्या दोन्ही खेपा पेटल्या. तेव्हा सर बंगलोरला होते. जुलैत आले, तेव्हापासून अंधार.

आणि बोलणी खातोय मी!

२२ ऑक्टोबर

वेदिका मॅडमना सांगितलं. "असेल रे. पण सरांना सांगणार कोण? माझ्या प्रबंधावर त्यांची सही व्हायचीय."

म्हणजे माझी नोकरी गेली तरी चालेल! त्यांनी मागवलेला चहा तसाच ठेवून उठलो.

२५ ऑक्टोबर

बोललो. सरांनी कुंकवाची डबी उघडली आणि मला राहवलंच नाही. "सर, कचरा मी करत नाही. तुम्ही करता!" आवाज केवढा मोठा निघाला! वाळूमामा, आमचे जुने शिपाई, मागून सदरा ओढत होते — "गप ना पोरा, लय शाना झाला का?" मी वही पुढे केली.

सरांनी पान दोनदा वाचलं. डबी खिशात टाकली. म्हणाले, "धनराज, चूक माझी. ही खेप कुंकवाशिवाय."

सगळ्यांसमोर म्हणाले. तरी राग जात नाही. चार महिने ऐकून घेतलंय. एका वाक्यात कसा जाईल? मॅडम हसून बघत होत्या, मी तोंड फिरवलं.

२९ ऑक्टोबर

मूस आठ वेळा धुतली. खेप भट्टीत. झाकण कोरं. आता कळेल सगळ्यांना!

३० ऑक्टोबर

पेटली नाही.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मॅडमनी हळूच विचारलं, "मुशी शेवटी कोणत्या पाण्याने धुतोस?" नळाच्या, म्हणालो. कॅनमधलं डिस्टिल्ड पाणी आठ-आठ दिवसांचं असतं. शिळ्या पाण्याने शेवटचं कसं धुवायचं? ताजं घेतो.

मे-जूनमध्ये नळाला पाणी नव्हतं. तेवढे दिवस कॅनमधलं घेतलं होतं.