दोन गल्ल्यांचं पाणी

९ एप्रिल
चिठ्ठी आमची निघाली! पंचायतीत सगळ्यांसमोर काढली — पाणी गाळायचं यंत्र पश्चिम गल्लीला, घरटी एक. पूर्व गल्लीला आत्ता काही नाही. पैसे परदेशातल्या कुठल्याशा संस्थेचे. माझा दोस्त सांबशिव पूर्व गल्लीतला. टाळ्या वाजवत होता, पण तोंड उतरलेलं. त्याची लहानगी नात फेब्रुवारीत जुलाबांनी सरकारी दवाखान्यात पडून होती, सलाईन लावली होती. दोन्ही गल्ल्यांना बोअरचंच पाणी.

१२ एप्रिल
यंत्र बसलं. सून कनकलता म्हणते, "मामा, नुसतं बघत काय बसलाय? पूजा करायचीय का त्याची? प्या की!"

१४ एप्रिल
चित्तिरै महिना लागला, आमचं नवं वर्ष. दारात पाण्याचा हंडा ठेवला, वर ओलं फडकं. आजोबांपासूनची रीत — उन्हाळाभर येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी. यंदा यंत्राचंच भरलं. आपण चांगलं प्यायचं आणि दारात बोअरचं ठेवायचं, हे कुठलं पुण्य? पूर्व गल्लीतली पोरं ओंजळी भरभरून प्यायली. मग बाया कळशा घेऊन आल्या. दिलं.

३० एप्रिल
संस्थेची मुलगी आली, हरिप्रिया नाव, मला तात्ता म्हणजे आजोबा म्हणते. घरात कुणाचं पोट बिघडलं का, विचारते. तेच पूर्व गल्लीतही विचारते! मी म्हटलं, "ज्यांना दिलं नाही त्यांना कशाला डिवचता?" ती म्हणाली, "तात्ता, नुसतं तुम्हाला विचारून कसं कळणार, यंत्रानं बरं वाटलं की हवा बदलल्यानं? दोन्ही गल्ल्या शेजारी ठेवून बघायच्या. फरक दिसला तर पूर्व गल्लीलाही यंत्रं, पुढच्या गावांनाही."
पटलं. मी आठवीपर्यंतच शिकलो, पण एवढं कळतं. तरी मनात आलं — चुकीचं उत्तर तर दिलं नाही ना?

२ जून
अनर्थ! हरिप्रिया आली ती उदास. पूर्व गल्लीतली पोटंही सुधारली, जवळजवळ आमच्याइतकीच. "फरकच नाही, तात्ता. म्हणजे यंत्राचा उपयोग नाही, असंच दिसतं." जुलैत शेवटची फेरी. तेव्हाही असंच निघालं तर पैसे दुसऱ्या कामाला जाणार.
हंडा! माझाच हंडा!
बोललो नाही. आमचं यंत्र काढून नेलं तर?

५ जून
सांगून टाकलं. पोर आधी हसली, मग कपाळ धरून बसली. "तात्ता, पुण्य तुम्ही घेतलंत, बोंब माझी!" कोण कोणतं पाणी किती प्यायलं, ते आता कसं शोधणार म्हणते. हंड्याची गोष्ट ती लिहून पाठवणार, पण साहेब आकडेच बघतील म्हणाली. "तात्ता, हंडा काढा असं मी म्हणणार नाही. तहानलेल्याला पाणी देऊ नका, असं कुणी कुणाला सांगायचं?"
आमचं यंत्र कुणी नेणार नाही, हेही म्हणाली. एकदम हायसं वाटलं. आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

६ जून
सांबशिवला सगळं सांगितलं. आमच्या ओट्यावर बसून पान चघळत ऐकत होता. म्हटलं, जुलैपर्यंत हंडा ठेवू की नको, तूच सांग.
"अनिरुद्धा, ऐंशीला टेकलास. तू गेलास की सून चेन्नैला, नवऱ्याकडे. मग आमच्या पोरांना पाणी कोण पाजणार? तुझं भूत?"
हसलो दोघंही. त्याची नात हंड्याशी खेळत होती. गालांवर मांस आलंय तिच्या. कनकलता आतून म्हणाली, "मामा, असली मोजणी नको आपल्याला, हंडा राहू दे." सांबशिव काहीच न ठरवता उठून गेला. मी हंडा भरला.

८ जून
सांबशिव सकाळीच आला, नात कडेवर. एका हातानं हंडा रिकामा केला, पालथा घातला.
"ही मागेल. जुलैपर्यंत देऊ नकोस."